तलावाचा काठ मेचा की ऑगस्टचा?

मे महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी नागपूरच्या फुटाळा तलावाच्या चौपाटीवर उभे राहा. पाणी मागे सरकलेलं असतं. कठडा आणि पाणी यांच्यामध्ये उघडे दगड, वाळलेला गाळ, चिप्सची पाकिटं आणि कुणाच्या तरी पूजेतली रंग उडालेली चुनरी. ऑगस्टमध्ये याच जागी पाणी हेलकावत असतं. मग या तलावाचा काठ कुठला म्हणायचा, मेचा की ऑगस्टचा?

प्रश्न खुळचट वाटेल. पण तलावाकाठच्या उद्यानाचं काम निघालं की फलकावर जे शब्द येतात, तटसंरक्षण, पिचिंग, गॅबियन, जेट्टी, ते सगळे या एका प्रश्नाभोवती फिरतात. फलक वाचून आपल्याला एवढंच कळतं की बाक येणार, दिवे येणार, रंगीत फरशी येणार. खरं काम त्या फरशीच्या खाली असतं. ते चुकलं की दोन पावसाळ्यांत फरशी खचते, आणि मग आपण कंत्राटदाराला शिव्या देतो. कधीकधी बिचारा निर्दोष असतो. नकाशाच चुकलेला असतो.

## आपले तलाव म्हणजे जुनी धरणंच

नागपूरचे बहुतेक तलाव निसर्गाने दिलेले नाहीत, माणसांनी बांधलेले आहेत. शुक्रवारी तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, गोंड राजा चांद सुलतानच्या काळातला. फुटाळा भोसल्यांचा. अंबाझरी १८७० चा आणि गोरेवाडा १९१२ चा, दोन्ही शहराला पाणी पुरवण्यासाठी. शहराची जमीन पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरते. नाग आणि पिवळी या नद्याही तशाच वाहतात. म्हणून अंबाझरी किंवा फुटाळा बांधताना पूर्वेच्या सखल बाजूला मातीचा बांध घातला आणि पश्चिमेकडून येणारं पाणी अडवलं.

या बांधाला पाळ म्हणतात. तलाव भरला की जादा पाणी जिथून सोडायचं ती वाट म्हणजे सांडवा. आणि पाळीच्या समोर, पाणी येतं त्या बाजूला, जमीन हळूहळू पाण्यात शिरते. बशीत ओतलेला चहा कडेकडे पातळ होत जातो, तसं तिथलं पाणी.

म्हणजे एकाच तलावाला दोन जातींचे काठ असतात. पाळ हा काठ कमी आणि धरणाची भिंत जास्त. समोरचा उथळ काठ हा खरा काठ, तिथे बगळे उभे राहतात. या दोघांना एकच औषध देणं ही आपल्याकडची सगळ्यात महागडी चूक. एकाच ठेक्यात, एकाच दराने, चारही बाजूंनी भिंत.

## माती जाते कशी

तटसंरक्षण हा शब्द भारदस्त आहे, अर्थ साधा: काठाची माती पाण्यात जाऊ न देणं. ती जाते चार वाटांनी.

पहिली वाट लाटांची. आपल्या तलावात कसल्या लाटा, असं वाटतं. पण पाण्यावरून वाऱ्याला जितकी लांब धाव मिळेल तितकी लाट मोठी होते. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेचा. तो अख्खा तलाव ओलांडून पूर्वेच्या पाळीवर आदळतो, आणि तेही तलाव काठोकाठ भरलेला असताना. चौपाटीवर मक्याचं कणीस खाताना तोंडावर तुषार येतात ते याचमुळे. आपल्याला गंमत वाटते, पाळीला नाही.

दुसरी वाट रस्त्याच्या पाण्याची. रस्त्यावरचं पाणी एकाच जागेवरून तलावात उतरलं की घळ पडते, आणि दर पावसाळ्यात ती मोठी होते. तिसरी वाट आपल्या पायांची: जिथून सगळे उतरतात तिथलं गवत मरतं, आणि गवत गेलं की माती मोकळी.

चौथी वाट खास आपली. पश्चिम नागपूर काळ्या खडकावर वसलेलं आहे आणि तो खडक झिजून झालेली माती म्हणजे आपली काळी माती. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते. कणकेचा गोळा उघडा राहिला तर त्याला चिरा पडतात, तशाच काठाला मे महिन्यात हात-हातभर भेगा पडतात. मृगाचा पहिला दणका त्या भेगांत शिरतो आणि काठाचे ढेकूळच्या ढेकूळ सुटून खाली बसतात. त्यासाठी लाट लागत नाही, पूरही लागत नाही. ऊन आणि पाऊस यांची पाळीपाळीने मारामारी पुरते.

## “मग सरळ सिमेंटची भिंत बांधा ना, एकदाचं काम होईल”

हा आक्षेप मी इतक्या वेळा ऐकला आहे की यावर जरा जास्त थांबतो.

उभी भिंत लाटेला अडवत नाही, परत पाठवते. कॅरमचा स्ट्रायकर चौकटीवर आपटून ज्या जोराने मागे येतो, जवळपास त्याच जोराने लाट भिंतीवरून परत फिरते आणि थोडी खालीही वळते. खाली वळलेलं पाणी भिंतीच्या पायथ्याची माती उकरतं. वरून भिंत ठणठणीत दिसते, खालून पोकळ होत असते. उतारावर मात्र लाट चढता चढता दमते. घसरगुंडीवर उलटं चढणारं पोर अर्ध्यात बसतं, तसं.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची आणि ती डोळ्यांना दिसत नाही. भिंतीच्या मागची माती पावसात भिजते. भिजलेली गोधडी उचलून पाहिली असेल तर ओल्या गोष्टीचं वजन काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. एक घनमीटर पाणी एक टन भरतं. भिंतीमागे ३ मीटर उंचीपर्यंत पाणी साचलं, तर नुसतं ते पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे साडेचार टन जोराने पुढे ढकलतं. मातीचा रेटा वेगळा.

तलाव भरलेला असतो तेव्हा समोरचं पाणी उलट्या बाजूने भिंतीला टेकू देतं, म्हणून काही होत नाही. पाणी झपाट्याने उतरलं की टेकू जातो, पण मागची माती अजून ओलीच असते. सायकलचं स्टँड काढून घेतलं आणि कॅरिअरवरची पोती तशीच राहिली, असा प्रकार. म्हणूनच कित्येक भिंती भर पुरात उभ्या राहतात आणि पूर ओसरल्यावर पडतात. लोक चक्रावतात: “पाऊस तर थांबला होता, मग पडली काहून?”

यावर उपाय आहे. भिंतीला पाझरछिद्रं ठेवायची आणि मागे खडी भरायची, म्हणजे साचलेलं पाणी निघून जातं. कुकरला शिट्टी असते ती याचसाठी. पण ही छिद्रं गाळाने बुजतात, रंगकाम करणारा ती लिंपून टाकतो, आणि सजावटीची फरशी लावणारा तर ती पार झाकतो. तुमच्या जवळच्या तलावाची भिंत पाहा. छिद्रं दिसतात का, आणि पावसानंतर त्यातून पाणी ठिबकतं का? ठिबकत असेल तर गळती म्हणून तक्रार करू नका. ती भिंत श्वास घेते आहे.

दाट वस्तीत, जिथे रस्ता आणि पाणी यांच्यात जागाच नाही, तिथे भिंत लागतेच. गांधीसागरला चारही बाजूंनी दगडी बांधकाम आहे आणि भोवतालचं शहर पाहता दुसरं काही शक्यही नाही. पण जागा असताना भिंत बांधणं म्हणजे चालता येत असताना कुबड्या घेणं.

## उतार, दगड आणि मुळं

जागा असेल तर काठ कापून सौम्य उताराचा करायचा: एक मीटर उंचीला साधारण तीन मीटर आडवं अंतर. त्यावर काय घालायचं हे पाण्याची रेघ ठरवते.

पाळीच्या आतल्या बाजूला, जिथे लाट आदळते, तिथे दगड. एकमेकांत अडकवून बसवलेल्या दगडांच्या थराला पिचिंग म्हणतात. तारेच्या जाळीच्या पेटीत दगड भरून रचले तर ते गॅबियन. दोन्हींचा गुण असा की पाणी आरपार जातं आणि जमीन थोडी हलली तरी ते तिच्याबरोबर बसतात, तडकत नाहीत. काळ्या मातीवर हे फार मोलाचं. पण दगडांच्या खाली बारीक खडी-रेतीचा किंवा विशिष्ट कापडाचा गाळणथर हवाच. पाणी गळावं आणि माती मागे राहावी, चहाच्या गाळणीसारखं. हा थर दिसत नाही, म्हणून खर्च कमी करताना पहिली कात्री त्यालाच लागते. मग दगडांच्या फटींतून माती निघून जाते आणि वरचे दगड दात पडलेल्या तोंडासारखे दिसू लागतात.

समोरच्या उथळ काठाला दगड लागत नाहीत, मुळं लागतात. पाण्यात पाय असलेलं पाणकणीस आणि लव्हाळा, त्यांच्या वर वाळा. कूलरला पूर्वी ज्या खसच्या ताट्या लावायचो, त्याच वाळ्याची मुळं. ती आडवी पसरत नाहीत, सरळ दोन-तीन मीटर खाली जातात आणि माती शिवून टाकतात. त्याच्याही वर, कोरड्या जमिनीवर, करंज, जांभूळ, अर्जुन. रोपं धरेपर्यंत काथ्याची जाळी अंथरतात. काही वर्षांत ती कुजून खत होते आणि तोवर मुळांनी काम हातात घेतलेलं असतं.

एका झुडपापासून मात्र सावध राहा. जांभळ्या फुलांचं बेशरम काठावर आपोआप येतं, दिसायला हिरवंगार, आणि बघता बघता सगळा उथळ भाग गिळतं. हिरवं दिसलं म्हणजे काठ सुधारला, असं नाही.

आणि पाळीवर मोठी झाडं लावायची नाहीत. हे ऐकून वृक्षप्रेमी नाराज होतात, मीही आधी झालो होतो. पण मातीच्या बांधात मोठं मूळ शिरलं, झाड मेलं आणि मूळ कुजलं, की बांधाच्या पोटात नळी तयार होते. त्या नळीतून पाणी वाहू लागलं की ती रुंदावत जाते. पाळीवर गवत, झाडं समोरच्या काठावर. दोन काठांना दोन औषधं, ती अशी.

## पण हे सगळं करून पाण्यात नाव उतरवायची कशाला?

कारण काठ फक्त बघण्यापुरता राहिला की लोक मधूनमधून, चुकीच्या जागी, पाण्याकडे उतरतातच. उतरायला एक चांगली जागा दिली तर बाकीचा काठ वाचतो. लॉनवर पायवाट आखली की लोक गवत तुडवत नाहीत, तोच हिशोब.

छोट्या नावेसाठी दोनच गोष्टी लागतात. एक, पाण्यात उतरत जाणारा पक्का खडबडीत उतार, निविदेच्या भाषेत स्लिपवे. तो साधारण ७ किंवा ८ मीटर लांबीला १ मीटर उतरणारा असावा. इथे पुन्हा मे आणि ऑगस्ट येतात. पाण्याची पातळी वर्षभरात ३ मीटर खाली-वर होत असेल, तर ८ ला १ या उताराला किमान २४ मीटर लांबी हवी. दिवाळीत उद्घाटनाच्या दिवशी सुंदर दिसणारा १० मीटरचा उतार होळीनंतर चिखलात संपतो. अशाच एका उताराच्या टोकावरून मी कयाक खांद्यावर घेऊन गुडघाभर गाळात उतरलो आहे. एक चप्पल अजून तिथेच असावी.

दोन, तरंगता धक्का. पोकळ प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा तराफा, खांबांना कड्यांनी अडकवलेला. पाणी चढलं की चढतो, उतरलं की उतरतो. काठाशी जोडणारा पूल बिजागरीवर. मात्र पाणी खाली गेलं की हा पूल तिरका होतो, म्हणून तो पुरेसा लांब हवा. चाकाच्या खुर्चीसाठी १२ ला १ पेक्षा जास्त तीव्र चढ चालत नाही. काँक्रीटची पक्की जेट्टी पाण्याबरोबर हलत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात ती नुसता सेल्फीचा कट्टा उरते.

नावा मात्र वल्ह्याच्या, पायडलच्या. मोटारबोटीची लाट वाऱ्याच्या लाटेपेक्षा वाईट, आणि पंख्याने तळाचा गाळ ढवळला जातो तो वेगळाच. नुकताच बांधलेला काठ स्वतःच्या हाताने का मोडायचा?

याच उतारावरून जलपर्णी काढायचं यंत्र पाण्यात जातं आणि गरज पडली तर बचावाची नावही. आणि ढीवर बांधवांची होडीही. तलावात मासेमारी करणाऱ्यांसाठी काठ हे कामाचं ठिकाण आहे. सुशोभित उद्यानाच्या फाटकावर तिकीट लागलं आणि जाळं घेऊन आत जायला मज्जाव झाला, तर सुधारणा कुणासाठी झाली ते सांगायला नको.

## “अपघात झाला तर?”

भीती खरी आहे. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात तरुणांनी भरलेली नाव उलटली आणि त्यातल्या अनेकांचे जीव गेले. पण अशा घटनांत माणसं प्रामुख्याने दोन गोष्टींनी मरतात: नावेत क्षमतेपेक्षा जास्त जण आणि अंगात जॅकेट नसणं. ठरलेली एकच जागा, मोजून माणसं, जॅकेटशिवाय पाऊल नाही, वारा सुटला की फेऱ्या बंद: हे नियम तिथे पाळले जातात जिथे अधिकृत धक्का आणि त्यावर जबाबदार माणूस असतो. बंदी असलेल्या तलावात पोहायला उतरणाऱ्या पोट्ट्यांना तर तेही नसतं. सौम्य उताराचा आणखी एक फायदा: पडलेला माणूस त्यावरून बाहेर येऊ शकतो. उभ्या शेवाळलेल्या भिंतीला पट्टीचा पोहणाराही नखं ओरबाडत राहतो.

## “काठाला गवत म्हणजे डास आणि साप”

डासाची अळी साचलेल्या, मासे पोहोचत नाहीत अशा डबक्यात वाढते. काठाच्या गवतात पाणी खेळतं असेल आणि गप्पीसारखे मासे आत शिरत असतील, तर अळी टिकत नाही. पण पाणकणीस इतकं दाटलं की आत मासाच जाऊ शकत नाही, तर आक्षेप बरोबर ठरतो. म्हणून वर्षातून एकदा ते विरळ करावं लागतं. फुटलेल्या फरशीखाली साचलेलं पाणी याहून वाईट, त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

साप असतील. तलाव आहे. पायवाट आणि गवत यांच्यात दोन मीटरचा कापलेला पट्टा ठेवला की दोघांनाही एकमेकांची चाहूल लागते.

## “थोडी भर टाकून उद्यानच मोठं करू”

हे मात्र नको. एक हेक्टर जागेवर एक मीटर भर टाकली, तर तलावाची एक कोटी लिटरची जागा गेली. ते पाणी कुठेतरी जाणारच.

कुठे जातं ते २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पश्चिम नागपूरने पाहिलं. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी सांडव्यावरून ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत झोपलेल्या घरांत पाणी शिरलं आणि रस्त्यांवरून नावांनी लोकांना काढावं लागलं. नंतर सांडव्यासमोरचं विवेकानंद स्मारक पाण्याची वाट अडवतं का, हा वाद उच्च न्यायालयात गेला. उद्यानासाठी त्यातून घ्यायचं ते एवढंच: सांडवा आणि त्याच्या पुढची वाट यांत काहीही येता कामा नये. बाक नाही, कमान नाही, कारंजं नाही.

कायद्याचं थोडक्यात. २०१७ च्या पाणथळ नियमांनुसार पाणथळ जागेच्या ठरावीक पूररेषेपासून ५० मीटरच्या आत नावांची जेट्टी सोडून पक्कं बांधकाम चालत नाही. पण पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसाने बांधलेले तलाव त्या व्याख्येतून वगळले आहेत. फुटाळ्यातल्या संगीत कारंज्याच्या आणि प्रेक्षक गॅलरीच्या बांधकामाचं प्रकरण यावरूनच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२५ मध्ये न्यायालयाने फुटाळा या नियमांखाली पाणथळ जागा ठरत नाही असं म्हटलं, पण मानवनिर्मित तलावही जनतेची ठेव आहेत आणि सरकार त्यांचं विश्वस्त आहे, हेही बजावलं. म्हणजे नियम लागू नाही म्हणून मोकळं रान मिळालं, असा अर्थ काढता येत नाही.

## “सांडपाणी थांबत नाही तोवर हे सगळं वरवरचं”

हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे आणि माझ्याकडे त्याला पूर्ण उत्तर नाही. काठावरचा लव्हाळा थोडी घाण शोषतो; अख्ख्या वस्तीचं सांडपाणी शोषत नाही. त्या पाण्यातलं खत जलपर्णीला मिळतं आणि धक्का बांधून पूर्ण होईपर्यंत वल्हं मारायला पाणीच दिसेनासं होतं. क्रम असा हवा: आधी नाले वळवा, मग काठ, मग नाव. आपल्याकडे बरेचदा दिव्यांपासून सुरुवात होते, कारण दिव्यांचा फोटो चांगला येतो.

## नकाशा समोर आला तर

अशा कामाचा आराखडा कधी हाती लागला तर फार तांत्रिक प्रश्न विचारू नका. एकच विचारा: यातली पाण्याची रेघ कोणत्या महिन्याची? नीट केलेल्या आराखड्यात दोन रेघा असतात, भरलेल्या तलावाची आणि आटलेल्या तलावाची, आणि मधल्या पट्ट्यात कुठे दगड, कुठे गवत, उतार किती लांब, हे लिहिलेलं असतं. रेघ एकच असेल तर बाकी चित्रं बघण्यात वेळ घालवू नका.

एका तलावावर काम सुरू असताना मी हे तिथल्या पर्यवेक्षकाला विचारलं. त्याने नकाशा उलगडला, निळ्या रेघेवर बोट ठेवलं, थोडा वेळ पाहिलं आणि प्रामाणिकपणे म्हणाला, “भाऊ, हे तर गूगलवरून घेतलं आहे. फोटो ज्या दिवशीचा असंल, त्या दिवसाची.”